मत गुप्त, हजेरी उघड: अमेरिकेत पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमच्या टाउनशिपच्या कौन्सिलला उभ्या असलेल्या एका उमेदवारासाठी मी पहिल्यांदा दारोदार फिरले. हातात पत्रकांचा गठ्ठा आणि फोनमध्ये एक ॲप. ॲपवर गल्लीचा नकाशा, घर क्रमांक, घरात मतदार कोण, वय किती, कुठल्या पक्षाकडे नोंद आणि आजवर कोणकोणत्या निवडणुकांना हजेरी लावली. गल्लीत सव्वीस घरं होती, माझ्या यादीत अकरा. बाकीच्या पंधरांची बेल वाजवू नका, वेळ जातो, असं बजावून सांगितलेलं. त्या पंधरांतलं एक घर आपलं हे लांबूनच कळलं. चौकटीला प्लॅस्टिकचं तोरण, दाराबाहेर चपलांचा ढीग. हे कुटुंब मला दरवर्षी गणपतीच्या आरतीला भेटतं. चौघेही नागरिक, चौघांची नोंदणी झालेली. मग यादीत का नाहीत? कारण चार वर्षांतून एकदा, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीलाच ते मत देतात. गावच्या निवडणुकीसाठी ते घर रिकामंच धरलेलं होतं.

इथलं मूळ सूत्र तेव्हा कळलं. तुम्ही मत कुणाला दिलं हे कुणालाच कळत नाही, पण दिलं की नाही हे सरकारी दप्तरात नोंदलं जातं आणि ते दप्तर पक्षांना मिळतं. इथल्या प्रचाराचा सगळा हिशोब या दप्तरावर चालतो. म्हणून नव्या नागरिकांना मी आधी दप्तरात कसं शिरायचं ते सांगते. कुणाला मत द्यायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

लेखातले नियम बहुतेक न्यू जर्सीचे आहेत, कारण मी इथे राहते. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेसाठी एकच निवडणूक आयोग सगळा देश सांभाळतो, बीएलओ घरी येऊन नाव तपासून जातो. इथे तसा आयोगच नाही. राज्य कायदा करतं, काउंटी म्हणजे जिल्हा निवडणूक घेतो, आणि पेनसिल्व्हेनियात चालतं ते नदीपलीकडे आमच्याकडे चालेलच असं नाही. तारखा आणि मुदती आपल्या राज्याच्या निवडणूक खात्याच्या संकेतस्थळावरच बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फॉरवर्डवर विसंबू नका.

अजून नागरिक नसाल तर

हे सगळ्यात आधी, कारण यातली चूक सगळ्यात महाग पडते. १९९३ च्या कायद्यानं ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवरच मतदार नोंदणीची सोय झाली. कारकून भराभर प्रश्न विचारतो, त्यात "मतदार म्हणून नाव नोंदवायचं का?" हाही असतो, आणि आपण सवयीनं "यस, यस" म्हणत जातो. ग्रीन कार्डवर असाल, एच-१बी वर असाल, तर इथे ठाम "नो" म्हणा आणि सही करण्याआधी फॉर्मवरचा नागरिकत्वाचा चौकोन डोळ्यांनी बघा. नागरिक नसताना नागरिक असल्याचं लिहून देणं १९९६ पासून हद्दपारीचं कारण ठरू शकतं. पुढे नागरिकत्वासाठी एन-४०० अर्ज भराल तेव्हा "कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, कधी मत दिलं होतं का" हे त्यात विचारलेलंच असतं. "चुकून झालं" हे सांगायला मग वकील लागतो.

मत देता येत नाही म्हणून हात बांधून बसायची मात्र गरज नाही. ग्रीन कार्डधारक उमेदवाराला देणगी देऊ शकतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला एक डॉलरही देता येत नाही, पण मोबदला न घेता पत्रकं वाटणं, फोन करणं ही कामं त्यालाही चालतात.

आणखी एक. अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात मतदान होत नाही. पुण्या-सांगलीच्या यादीत नाव राहिलं असेल तर फॉर्म ७ भरून ते काढून घ्या. "असू दे की, कोण बघतंय" असं म्हणणारे काका प्रत्येक मंडळात असतात. त्यांचं ऐकू नका.

नोंदणी, आणि आपलं मधलं नाव

२०२५ पर्यंत शपथविधी संपला की दाराशी बऱ्याचदा लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदार-जागृती करणाऱ्या संस्थेच्या बायका टेबल मांडून बसलेल्या असत. फॉर्म हातात आला की तिथेच भरून टाका. घरी जाऊन भरू म्हणणाऱ्यांचे फॉर्म मी फ्रिजवर चुंबकाखाली वर्षभर लटकलेले पाहिलेत. न्यू जर्सीत निवडणुकीच्या २१ दिवस आधीपर्यंत नोंदणी व्हावी लागते. नॉर्थ डकोटात नोंदणी हा प्रकारच नाही, पण तिथे राहणारी मराठी माणसं मला अजून भेटायची आहेत.

आपली खरी अडचण नावाची. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. लायसन्सवर मधलं नाव गळालेलं. सोशल सिक्युरिटीवर माहेरचं आडनाव. नोंदणी फॉर्मवर तुम्ही लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे देता आणि ते त्या त्या दप्तराशी जुळवून पाहतात. म्हणून लायसन्सवर जसं नाव आहे तसंच, अक्षर न अक्षर, फॉर्मवर लिहा. तीन-चार आठवड्यांनी राज्याच्या संकेतस्थळावर आपलं नाव शोधून खात्री करा.

फॉर्मवर पक्षाचा रकाना असतो. आपल्याला वाटतं, हे सांगायचं कशाला? सदस्यत्वाची पावती फाडल्यासारखं ते नसतं. वर्गणी नाही, बंधन नाही, नोव्हेंबरात मत कुणालाही द्या. त्या रकान्यावरून फक्त प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, कुठल्या पक्षाची मतपत्रिका मिळणार ते ठरतं. पण प्रायमरी ही "फक्त" म्हणण्यासारखी गोष्ट नाही.

जूनमधली निवडणूक

नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ही तारीख १८४५ पासून चालत आलेली आहे आणि सगळ्यांना ठाऊक असते. न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये असते आणि आपल्या लोकांना ती शाळा सुटायच्या गडबडीत दिसतही नाही. उमेदवारी मात्र तिथे ठरते. आपल्याकडे तिकीट दिल्लीत किंवा मुंबईत वाटलं जातं. इथे ते मतदार वाटतात, निदान कागदोपत्री.

जिथे एकाच पक्षाचं वर्चस्व आहे तिथे प्रायमरी जिंकली की नोव्हेंबर हा सोपस्कार. याचं आपल्या घरातलं उदाहरण श्री ठाणेदार. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पदरचे पैसे ओतून उतरले आणि डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या काँग्रेस (इथली संसद) मतदारसंघाच्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते, मतं फुटली आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते जिंकले. मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक, त्यामुळे नोव्हेंबरची काळजी नव्हती. म्हणजे प्रायमरीला आलेल्या मोजक्या मतदारांतल्या जेमतेम चौथाईहून थोड्या जास्त लोकांनी वॉशिंग्टनला कोण जाणार ते ठरवलं. हे बरं की वाईट यावर डेट्रॉइटमध्ये बरीच वादावादी झाली, कारण कित्येक दशकांत पहिल्यांदाच त्या शहराला कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. पण गणित समजून घ्या. अशा निवडणुकीत एका सोसायटीएवढी माणसं निकाल फिरवू शकतात.

न्यू जर्सीत तुमची नोंद "अनॲफिलिएटेड", म्हणजे कुठल्याच पक्षाकडे नाही, अशी असेल, तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन एक पक्ष निवडता येतो. आधीच एका पक्षाकडे नोंद असेल आणि बदलायची असेल तर ५५ दिवस आधी बदलावी लागते. पेनसिल्व्हेनियात असं आयत्या वेळी ठरवता येत नाही, तिथे नोंद आधीच हवी.

आमच्या राज्यातली एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती मी स्वतः मतपत्रिकेवर पाहिलेली आहे. २०२४ पर्यंत इथल्या २१ पैकी १९ काउंट्यांत "काउंटी लाइन" होती. काउंटीतल्या पक्षानं पसंत केलेले सगळे उमेदवार, सिनेटपासून गावच्या कौन्सिलपर्यंत, एका ओळीत किंवा एका रकान्यात सलग छापायचे. न पसंत पडलेला उमेदवार कुठेतरी दूर कोपऱ्यात, मध्ये कोरे चौकोन सोडून. त्या कोपऱ्याला लोक "बॅलट सायबेरिया" म्हणत. मतदार वरच्या मोठ्या नावावर बोट ठेवतो आणि त्याच ओळीत सरळ खाली उतरतो. मीही तेच करत असे, हे कबूल करते. २०२४ मध्ये सिनेटला उभे असलेले अँडी किम यांनी याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा लावला. मार्चअखेर न्यायाधीशांनी त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही मांडणी बंद केली आणि पुढच्या वर्षी राज्यानं कायदाच बदलला. आता प्रत्येक पदाचा चौकोन वेगळा असतो आणि त्यात सगळ्या उमेदवारांची नावं एकाखाली एक येतात. किम निवडून आले. कागदावर नाव कुठे छापायचं यावर राज्यातले पुढारी वर्षानुवर्षं पोसले जात होते, हे अगोदर कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

राष्ट्राध्यक्षाचं दोन ओळींत. राज्याराज्यांत वाटलेली ५३८ इलेक्टोरल मतं, जिंकायला २७०. न्यू जर्सीची १४, जो राज्य जिंकेल त्याला सगळी. २०२४ मध्ये पैसा आणि नेते सात राज्यांत फिरले: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना, नेवाडा. ट्रम्प यांनी सातही जिंकली. आमच्या दारावर त्या वर्षी राष्ट्राध्यक्षासाठी कुणी फिरकलं नाही, जरी इथलं दोन पक्षांतलं अंतर २०२० मधल्या जवळपास १६ टक्क्यांवरून ६ वर आलं होतं.

मतपत्रिका आधी घरी वाचा

भारतात एक बटण दाबलं की झालं. इथली मतपत्रिका लग्नाच्या मेनूकार्डासारखी असते. काँग्रेस, काउंटी कमिशनर, शेरीफ, टाउनशिप, शाळामंडळ, आणि शेवटी "पब्लिक क्वेश्चन", म्हणजे थेट मतदारांना विचारलेला हो-नाहीचा प्रश्न. न्यू जर्सीचे गव्हर्नर आणि विधिमंडळ विषम वर्षांत निवडले जातात, २०२१, २०२५ असे, त्यामुळे दर वर्षी काहीतरी असतंच.

नमुना मतपत्रिका टपालानं येते. ती जाहिरात समजून फेकू नका. चहा घेऊन बसा आणि खालून वर वाचा. वरची नावं टीव्हीमुळे पाठ असतात. तुमच्या खिशाशी खालच्यांचा संबंध जास्त. न्यू जर्सीत सरासरी घरपट्टी वर्षाला १०,००० डॉलरच्या घरात आहे आणि तिचा निम्म्याहून थोडा जास्त भाग शाळांकडे जातो. तो खर्च करणारं शाळामंडळ मतपत्रिकेच्या तळाशी असतं. २०२० मध्ये गांजा कायदेशीर करायचा का, हा प्रश्नही असाच मतदारांसमोर आला होता आणि मंजूर झाला.

काहीच ठरत नसेल तर ती जागा कोरी सोडा, बाकीचं मत बाद होत नाही. नोटा इथे शोधू नका. "यांपैकी कोणी नाही" ही सोय फक्त नेवाडात आहे.

मत देणं, आणि सासूबाईंची सही

नोव्हेंबरात तीन वाटा आहेत. टपालानं, आधीच्या नऊ दिवसांत अर्ली व्होटिंगच्या केंद्रावर, किंवा त्या मंगळवारी सकाळी ६ ते रात्री ८ आपल्या केंद्रावर. न्यू जर्सीत सहसा ओळखपत्र मागत नाहीत, पण टपालानं नोंदणी करून पहिल्यांदाच मत देत असाल तर लायसन्स खिशात असू द्या. बऱ्याच राज्यांत फोटो ओळखपत्र मागतात. बोटाला शाई लागत नाही. "आय व्होटेड" लिहिलेला स्टिकर मिळतो आणि सगळे तोच फेसबुकवर लावतात.

टपाली मतात आपली माणसं सहीवर अडकतात. पाकिटावरची सही नोंदणीवरच्या सहीशी जुळवून बघतात. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर बँकेत देवनागरीत सही केली. नागरिकत्वाच्या आणि नोंदणीच्या कागदांवरही तीच. मतपत्रिका आली तेव्हा मात्र "इंग्रजी कागदावर इंग्रजी सही बरी" म्हणून त्यांनी एकेक अक्षर सुटं काढत इंग्रजीत नाव लिहिलं. आठवड्यानं पत्र आलं: सही जुळत नाही, ही तुमचीच का, कळवा. चूक आमचीच होती. सोबतचा फॉर्म भरून मुदतीत परत पाठवला आणि मत धरलं गेलं. ते पत्र बघितलंच नसतं तर मत कचऱ्यात गेलं असतं आणि आम्हाला कळलंही नसतं. तेव्हा नोंदणीच्या फॉर्मवर सही कराल त्याचा फोटो काढून ठेवा.

एकदा टपाली मतपत्रिका मागवली आणि मग मन बदलून केंद्रावर गेलात, तर मशीनवर मत देता येत नाही. "प्रोव्हिजनल" कागदी मतपत्रिका देतात, ती तपासून नंतर मोजतात.

आई-वडील मत देणार असतील आणि इंग्रजी वाचता येत नसेल, तर मदतीला आपल्या पसंतीचा माणूस आत नेण्याचा हक्क केंद्रीय कायद्यानं दिला आहे. मालक आणि युनियनचा माणूस तेवढा चालत नाही. क्वीन्समध्ये बंगाली आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी मतपत्रिका मिळते. मराठी कुठे मिळाल्याचं माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे मुलगा किंवा सून हीच आपली मराठी मतपत्रिका.

प्रचारवाल्यांना तुम्ही कसे दिसता

आता त्या ॲपकडे परत. मतदारयादीतल्या प्रत्येक नावापुढे मोहिमेचे लोक दोन आकडे लिहितात, शून्य ते शंभर. एक, हा आपल्याला मत देईल का. दुसरा, हा मुळात मत द्यायला येईल का. दुसरा आकडा मुख्यतः तुमच्या मागच्या हजेरीवरून निघतो. पाठीराखा आणि नेमानं येणारा, त्याच्याकडे पैसे आणि वेळ मागायचा. पाठीराखा पण आळशी, त्याला शेवटच्या आठवड्यात घराबाहेर काढायचं. नेमानं येणारा पण कुंपणावरचा, त्याच्या दारात उमेदवारानं स्वतः जायचं. विरोधकाच्या माणसाला डिवचायचं नाही, उगाच जागा होईल. आणि आपण मराठी लोक बहुतेक ज्या पेटाऱ्यात असतो, म्हणजे पक्ष नोंदवलेला नाही आणि हजेरी चार वर्षांतून एकदा, त्या पेटाऱ्याचं झाकण कुणी उघडत नाही.

आडनावावरून वंश ओळखायचेही प्रयत्न होतात आणि त्यात विनोद होतात. एका मराठी जोश्यांकडे दर निवडणुकीला गुजराती पत्रक येतं. वहिनींनी आता त्यावरून गुजराती वाचायला सुरुवात केली आहे.

दारावर का येतात, फोन का पुरत नाही? येल विद्यापीठातल्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवनमध्ये प्रयोग केला. काहींच्या दारी माणसं गेली, काहींना फोन, काहींना पत्र. समोर माणूस आला तिथे मतदान ठळक वाढलं. फोनचा उपयोग दिसला नाही. २००६ मध्ये मिशिगनमध्ये त्यांनी, क्रिस्टोफर लॅरिमर यांच्यासोबत, त्याहून आगाऊ प्रयोग केला. लोकांना पत्र पाठवलं: मागच्या निवडणुकांत तुम्ही मत दिलं की नाही, आणि तुमच्या शेजाऱ्यांनी दिलं की नाही, ही बघा यादी, निवडणुकीनंतर नवी यादी पाठवू. मतदान ८ टक्के अंकांनी वाढलं. लोक काय म्हणतील ही भीती फक्त आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं.

मत बदलणं मात्र फार अवघड. जोश्वा काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोग एकत्र मांडून दाखवलं की सार्वत्रिक निवडणुकीत दार ठोठावून किंवा जाहिरातींनी मतदाराचं मन वळण्याचं प्रमाण सरासरी जवळपास शून्य. म्हणून मोहिमा आपल्या माणसाला बाहेर काढण्यावर भर देतात. तुमच्या दारी येणारा कार्यकर्ता हुज्जत न घालता पुढे सरकतो, त्याचं कारण हे. त्याला तसंच शिकवलेलं असतं, मलाही होतं.

पत्रक दाराच्या मुठीला अडकवलेलं का असतं, पत्रपेटीत का नाही, असा प्रश्न पडला असेल. तिकीट न लावलेला कागद पत्रपेटीत टाकणं केंद्रीय नियमानं मना आहे. पहिल्याच दिवशी मी टाकणार होते, सोबतच्या सत्तरीच्या बाईंनी हात धरला.

देणगी देणार असाल तर एक जाणून घ्या. केंद्रीय निवडणुकीत एका उमेदवाराला २०० डॉलरच्या वर गेलात की तुमचं नाव, गाव, नोकरी कुठे हे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर येतं आणि कुणीही वाचू शकतं. हो, एफईसी नावाचा आयोग आहे, पण तो फक्त पैशाचा हिशोब बघतो. आणि पाच डॉलर दिलेत तरी तुमचा नंबर यादी-यादीतून फिरतो. ओहायोतल्या अनोळखी उमेदवाराचे "मित्रा, आज मध्यरात्रीची मुदत" असे संदेश आले की समजा, नंबर पोचला.

फोन बंद कसे करायचे

हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. उपाय एकच: लवकर मत द्या. कुणाची टपाली मतपत्रिका परत आली, कोण अर्ली व्होटिंगला येऊन गेलं, याची यादी शेवटच्या आठवड्यांत मोहिमांना सतत मिळत असते आणि ज्यांचं झालं त्यांची नावं गळतात. एकदा झालेल्या माणसावर कुणी वेळ घालवत नाही. मी पहिल्याच शनिवारी जाऊन येते. सोमवारपासून माझा फोन गप्प. नवऱ्याला "मंगळवारचीच मजा" हवी असते, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर त्याचा फोन टिंग टिंग वाजत राहतो आणि सासूबाई विचारतात, "अरे, एवढं कोण आठवण काढतंय तुझी?"